प्रयागबाईची वाटणी

हुडकेश्वरच्या त्या गल्लीत सकाळी उठायला गजर लावायची गरज कोणालाच राहिली नव्हती. ताराचंदच्या मागच्या अंगणात पाच कोंबडे होते आणि पाचही जणांना पहिली बांग आपलीच असावी असं वाटे. एकानं सुरू केलं की दुसरा त्याला मधेच तोडायचा, तिसरा दोघांवर चढ्या आवाजात ओरडायचा, आणि चौथा-पाचवा आपण मागं राहू नये म्हणून उगाच सूर लावायचे. उन्हं अंगणात उतरेपर्यंत हे चालायचं. कोंबड्या होत्या फक्त तीन.

समोरच्या घरातला पिंटू हिंगण्याच्या कारखान्यात कामाला होता. मोटारसायकल सुरू करता करता एक टोमणा टाकल्याशिवाय तो पुढे सरकत नसे.

"काकाजी, कोंबड्या पाळून राहिले का आखाडा चालवून राहिले?"

"तू आपल्या ड्युटीवर जाय."

"जातो ना. पण यायच्यातला एखादा तरी अंडं देते का, तेवढं विचारून ठेवा."

ताराचंद पाठ फिरवून दाणे टाकू लागे. पाचही कोंबडे त्यानं स्वतःच्या हातानं, एक एक करून निवडून घेतले होते.

झालं ते असं. कोंबड्यांचा सगळा कारभार त्याची बायको प्रयागबाई पाहायची. ताराचंदची उमर हिंगण्याला पाळीत काम करण्यात गेली. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी, कंपनीची बस, आणि घरी आला की झोप. त्याची कोंबड्यांशी ओळख एवढीच, की एक ताटात येते आणि दुसरी बसायच्या खुर्चीवर घाण करते. रिटायर झाल्यावरही त्यानं त्यांत लक्ष घातलं नाही. प्रयागबाई घालूही देत नव्हती. "तुमी पेपर वाचा," म्हणायची.

पोळ्याच्या सुमाराला भुरी नावाची कोंबडी खुडूक झाली. अंडी देणं थांबवलं आणि अंड्यांवर बसायला पाहू लागली. प्रयागबाई तेव्हा आजारी होती, दवाखाना आणि घर अशा खेपा चालल्या होत्या. तरी ती अंथरुणातून उठली, एकेक अंडं खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, तडा गेलेली बाजूला काढली, आणि भुरी आणि अंडी दोन्ही दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सिंधूताईच्या हवाली केली. अर्धेलीनं. म्हणजे कोंबडी आणि अंडी एकीची, बसवणं आणि पिल्लं वाढवणं दुसरीचं, आणि निघतील ती पिल्लं निम्मी निम्मी.

दोघींचा हा व्यवहार जुना होता. कधी हिची कोंबडी तिच्याकडे बसायची, कधी तिची हिच्याकडे. नियम ठरलेला. आईनं पिल्लांना टोचून दूर करायला सुरुवात केली की वाटणी. एक तुझं, एक माझं, असं आळीपाळीनं उचलायचं. पहिलं उचलायचा मान कोंबडीवालीचा.

पिल्लं निघाली, पण ती पाहायला प्रयागबाई राहिली नाही.

दिवाळी कशीबशी पार पडली. मग सिंधूताईचा निरोप आला, की पिल्लं मोठी झाली, भुरी त्यांना टोचून राहिली, येऊन वाटणी करून जा. ताराचंद गेला. सिंधूताईचा नवरा धोंडबा बाजेवर बसून तंबाखू मळत होता. पिल्लं डालग्याखाली होती. डालगं म्हणजे बांबूचं मोठं टोपलं, उपडं घालून कोंबड्या झाकायचं. एक पिल्लू घारीनं नेलं होतं, दहा उरली होती. सिंधूताईनं डालगं उचललं.

"घ्या भाऊजी. पहिलं तुमचं."

ताराचंदनं नीट पाहिलं. पाच पिल्लं दणकट होती, जाड पायांची, छाती काढून फिरणारी. पाच अंगानं बारकी होती, भिंतीच्या कडेकडेनं चालणारी. त्यानं सगळ्यांत दांडगं होतं ते उचललं.

"पाहून घ्या, भाऊजी," सिंधूताई म्हणाली.

"पाहूनच घेऊन राहिलो."

तिनं एक बारकं उचललं. त्यानं दुसरं दांडगं.

"त्याच्या पायाकडे पाहा एकदा."

"पाय मजबूत हाय. म्हणून तं घेतलं."

"डोक्यावर पण पाहा मंग."

"डोकंबी चांगलंच दिसून राहिलं."

धोंडबाला खोकल्याची उबळ आली. सिंधूताईनं आणखी एक बारकं उचललं, ताराचंदनं तिसरं दांडगं, तेव्हा ती म्हणाली, "प्रयाग असती तं तिनं हे पिल्लू नसतं घेतलं, भाऊजी."

ताराचंदनं ते पिल्लू छातीशी धरलं. "मले माहीत हाय, ताई. तिचं मन लय मोठं होतं. दरवेळी धडधाकट पिल्लं तुमाले सोडायची आन मरतुकडी घरी आणायची. मी म्हणो, प्रयाग, आपल्याच नशिबी काहून वं हे उरलंसुरलं? तं म्हणे, जाऊ द्या, सिंधूले घेऊ द्या. सगळी जिंदगी तिनं दुसऱ्याचंच पाह्यलं. आता एकदा तरी आपल्या घरी चांगलं येऊ द्या."

सिंधूताईनं पदर तोंडावर घेतला आणि पाणी आणते म्हणून आत गेली. तिला रडू आलं असेल असं ताराचंदला वाटलं. धोंडबानं तंबाखूची चिमूट ओठामागं ठेवली आणि म्हणाला, "घे गा. तुले जे पाह्यजे ते घे."

पाच दांडगी पिल्लं आणि त्यांची आई भुरी घेऊन ताराचंद घरी आला. थंडीभर त्यानं त्यांना तांदळाची कणी आणि ज्वारी खाऊ घातली. ती वाढली. त्यांच्या डोक्यावर तुरे वाढले. गळ्याखाली लाल लोळ लोंबू लागले. शेपटीची पिसं कमानीसारखी वाकली. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं ते ताराचंदनं पहिला आरवेपर्यंत स्वतःला कळू दिलं नाही.

पहिला आरवला तेव्हा फुटक्या भोंग्यासारखा आवाज आला. ताराचंद म्हणाला, बरं झालं, घरात एक कोंबडा लागतोच, जुना तर मुंगसानं नेला. दुसरा आरवला तेव्हा म्हणाला, असू दे, पाहुण्यारावळ्याला होईल. तिसरा आणि चौथा एकाच आठवड्यात आरवले, तेव्हा तो पेपर तोंडासमोर धरून बसला. पाचवा मात्र गप्प होता. ताराचंदची सगळी भिस्त त्याच्यावर होती. तो तरी कोंबडी निघाला असता, तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली असती. धुळवडीच्या दिवशी, लोक रंग खेळत असताना, तोही भिंतीवर चढला आणि आरवला. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण कोंबड्यांचे हाल व्हायला लागले. तीन कोंबड्यांच्या मागे पाच तरणे कोंबडे. एक उतरला की दुसरा चढायचा. कोंबड्यांना दाणे टिपायला सवड मिळेना. दोघी तर न्हाणीत शिरून बादलीमागं दडून बसू लागल्या. भुरी वयानं मोठी, तिला पळता येत नव्हतं. तिच्या पाठीवरची पिसं गेली, कातडं उघडं पडलं, आणि एक दिवस तिथं रक्त दिसलं. ती कूलरच्या लोखंडी स्टँडवर चढून बसली, ती उतरेना. दाणापाणी वर नेऊन द्यावं तेव्हा दोन घास खायची आणि मान आत घ्यायची.

भुरीला प्रयागबाईनं पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. ती अंगणात बसली की भुरी तिच्या चपलेवर येऊन बसायची. ताराचंदला ती कोंबडी काही झालं तरी मरू द्यायची नव्हती.

रामटेकला दिलेली मुलगी दिपाली फोनवर म्हणाली, "बाबा, साधं काम हाय. एक ठेवा, चार कापा."

"तू आपलं शहाणपण आपल्या घरी ठेव."

"अवो, तीन कोंबड्यांत पाच कोंबडे कोणी ठेवते का? आठ-दहा कोंबड्यांमागं एक पुरते. आई तं—"

"आईचं नाव नको घेऊ. ही तिच्या हातची शेवटची अंडी होती. उजेडात धरून धरून निवडली तिनं. त्याचा मी रस्सा करून खाऊ?"

दिपालीनं विषय बदलला. ताराचंदला वाटलं, आपण जिंकलो. पण भुरी स्टँडवरच होती.

मग त्याला उपाय सुचला, आणि तो त्यालाच सुचू शकला असता. त्यानं पाचही कोंबड्यांना पाळ्या लावल्या. सिंधूताईकडून आणि इकडून तिकडून चार डालगी मागून आणली. चार कोंबडे चार डालग्यांखाली, एक मोकळा. सकाळी एक, ऊन चढलं की दुसरा, दुपारच्या चहाला तिसरा. रात्रपाळी अर्थात बंद. जे राहिले त्यांचा नंबर उद्या. हिंगण्याला हजार माणसं अशी बिनतक्रार फिरत होती, मग पाच पाखरांची काय कथा.

कागदावर हे ठीक होतं. पण डालग्याखाली अर्धा दिवस काढलेला कोंबडा बाहेर पडला की तो काही थकूनभागून येत नसे. तो ताज्या दमानं, मागची सगळी कसर भरून काढायला यायचा. सगळ्यांत दांडग्याचं नाव ताराचंदनं ठेकेदार ठेवलं होतं, कारण तो स्वतः काही करत नसे आणि सगळ्यांवर ओरडत असे. त्याची पाळी सुरू झाली की कोंबड्या आधीच किंचाळू लागत. आधी पाचही जण एकमेकांशी भांडण्यात तरी थोडा वेळ घालवत होते. आता भांडण मिटलं होतं आणि ज्याला त्याला मैदान मोकळं होतं.

सिंधूताई एकदा भाजी घेऊन जाताना फाटकाशी थांबली. डालग्यांखालून चार आवाज येत होते. तिनं सगळी व्यवस्था समजून घेतली, अगदी मन लावून.

"म्हणजे कोंबड्यायले तीन पाळ्या."

"हो."

"आन कोंबड्यांच्या बायकायले सुट्टी कोणत्या पाळीत हाय, भाऊजी?"

ताराचंदनं हा विचार केला नव्हता.

त्यानं दुसरा उपाय केला. कंपनीचा जुना निळा शर्ट कापला, त्याचा चौकोनी तुकडा भुरीच्या पाठीवर ठेवला आणि पंखांखालून नाड्या घेऊन बांधला. उघड्या कातड्याला नखं लागू नयेत म्हणून. कल्पना काही वाईट नव्हती. पण खिशाचा भाग नेमका वर आला होता आणि खिशावर कंपनीची खूण होती. पिंटू त्या दिवशी कामावर उशिरा पोचला असावा.

"काकाजी, हे कोणत्या डिपार्टमेंटमधी हाय?"

"जाय ना बाप्पा तू."

"पगार वेळेवर भेटते का तिले, तेवढं सांगा. आमाले तं नाही भेटत."

भुरीनं तो शर्ट एक दिवस सहन केला. दुसऱ्या दिवशी नाडीत पाय अडकून ती स्टँडवरून खाली पडली, आणि ती उठायच्या आत ठेकेदार तिच्यापाशी पोचला. ताराचंद खराटा घेऊन धावला. भुरीला उचललं तेव्हा तिची मान त्याच्या हातावर पडली होती आणि डोळे अर्धे मिटले होते. त्यानं तिला घरात नेलं, हळद लावली, आणि टोपलीत जुनी चादर घालून तिथं ठेवलं. मग पाचही कोंबडे पाच ठिकाणी कोंडले. चार डालग्यांत आणि एक न्हाणीत. त्या दिवशी त्यानं आंघोळ केली नाही.

सिंधूताईची दोन डालगी परत करायला म्हणून तो संध्याकाळच्या आधी तिच्याकडे गेला. कोंबडे कोंडलेले असताना डालगी परत करणं म्हणजे काय, हे त्याचं त्यालाच माहीत. दोन-दोन कोंबड्यांना त्यानं एकेका डालग्यात घातलं होतं आणि निघताना आतून मारामारीचा आवाज येत होता.

तिच्या अंगणात पाच तलंगा फिरत होत्या. तलंगा म्हणजे नुकत्या वयात आलेल्या, अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या. तीच ती बारकी पिल्लं. अंग भरलं होतं, पिसं तेल लावल्यासारखी चमकत होती.

"छान झाल्या," ताराचंद म्हणाला.

"छान हाय. पण काय कामाच्या?" सिंधूताई म्हणाली. "दोन अंड्यावर आल्या. घरात कोंबडा नाही. ते अंडं बसवून काय दगड निघन? ह्यायनं आपला होता तो पाहुण्यायले घालून टाकला."

"पाहुणे तुह्याच माहेरचे होते," धोंडबा बाजेवरून म्हणाला.

ताराचंद डालगी हातात धरून उभा राहिला. मदत मागायला आला होता, पण मागणं तोंडातून निघेना. दिवाळीनंतर इथंच उभं राहून तो छाती फुगवून बोलला होता.

"बसा ना, भाऊजी. भुरी कशी हाय?"

"बरी नाही." मग त्यानं सगळं सांगितलं, शर्टासकट. "ताई, मले काही समजत नाही यायच्यातलं. प्रयागनं मरतुकडी पिल्लं घेऊन घेऊन जन्म काढला, आन तिच्या कोंबड्या अशा चालल्या. मी चांगली घेतली आन हे असं झालं."

धोंडबा उठून बसला. "सांगून टाक वं त्याले. लय दिवस झाले."

"तुमी चूप बसा."

"तू नाही सांगत तं मी सांगतो."

सिंधूताईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "राग नका धरू, भाऊजी. प्रयाग ते दांडगे पिल्लं मले सोडायची ना, ते नर राहायचे. सगळे. जाड पाय, डोक्यावर लवकर लाली, आन पंखाले पिसं उशिरा. ते बारके दिसत ना, त्या माद्या. दोन वर्सं माह्या अंगणात कोंबडेच कोंबडे. मी समजो, माहं नशीबच तसं. आन वरून ती मले म्हणे, घे सिंधू, तू मोठे मोठे घे, माह्या मनात काही नाही."

"आन ही येडी तिले हळदीकुंकवाले दरवेळी वाटीभर जास्त तिळगूळ दे," धोंडबा म्हणाला. "एवढ्या मोठ्या मनाची बाई म्हणून."

"मंग तुमाले कसं समजलं?"

"तिनंच सांगितलं. एक दिवस हसू आवरेना तिले. मंग शिकवलंबी तिनंच. त्याच्यानंतर आमी बरोबर वाटो, अर्धे नर अर्धे माद्या. तुमाले मी म्हणलं होतं ना, पायाकडे पाहा."

ताराचंदचा चेहरा उतरला. "प्रयाग अशी नव्हती," तो म्हणाला.

"भाऊजी, मी तिची बुराई—"

"अशी नव्हती ती." तो वळला आणि चालू लागला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की डालगी अजून त्याच्याच हातात आहेत. परत जाणं शक्य नव्हतं. लोकांनी पाहिलं, ताराचंद दोन्ही काखेत एकेक टोपलं घेऊन रागारागानं चालला आहे.

घरी येऊन त्यानं भांडणारे वेगळे केले, भुरीला चमच्यानं पाणी पाजलं आणि खुर्ची ओढून बसला. समोर भिंतीवर प्रयागबाईचा फोटो होता. ती गेल्यापासून लोक येत आणि तिच्याबद्दल बोलत. गरीब गाय होती. कोणाच्या अध्यातमध्यात नव्हती. स्वतःसाठी काही मागितलं नाही. ताराचंदही तेच बोलत गेला होता. बोलता बोलता फोटोतली बाई इतकी चांगली होऊन बसली होती, की तिच्यासमोर बनियनवर बसायला त्याला संकोच वाटायचा. हार बदलताना तो साहेबाच्या केबिनमध्ये जावं तसा जायचा.

आता तो तिच्याकडे पाहत बसला. घरी पाहुणे आले की तो नेहमी सांगायचा, आमच्या प्रयागचं मन मोठं, चांगली पिल्लं दुसऱ्याला देते. आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, "जाऊ द्या ना, काय तेच ते," आणि उठून स्वयंपाकघरात जायची. एकदा तो तिच्यामागून पाणी प्यायला गेला होता. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. पदर तोंडात कोंबला होता आणि खांदे गदगदत होते. स्तुती ऐकून रडू आलं, असं त्याला वाटलं. पुढं तो तेही पाहुण्यांना सांगू लागला. इतकी हळवी, की चांगलं बोललेलं सहन होत नाही.

दिवाळीनंतर सिंधूताईही अशीच पदर तोंडाला लावून आत गेली होती.

ताराचंद खुर्चीतून उठला आणि फोटोपुढं जाऊन उभा राहिला.

"काहून वं," तो म्हणाला. "मले काहून नाही सांगितलं?"

इतक्या महिन्यांत तो तिच्याशी असं बोलला नव्हता. बोलला आणि त्याला बरं वाटलं, म्हणून आणखी बोलला. "पाहुण्यायच्या समोर मी येड्यासारखा बोलून राहिलो, आन तू तिकडं डब्यायच्या मागं हसून राहिली. नवरा होतो ना मी तुहा?"

उत्तर त्याला माहीतच होतं. तिनं सांगितलं असतं, तर त्यानं दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगितलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी सिंधूताईच्या कानावर गेलं असतं. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे प्रयागबाई लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकली होती. त्याला आधी तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलं, मग पोटातून आलं. एकट्या माणसानं घरात इतक्या मोठ्यानं हसणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं दार लोटून घेतलं.

सकाळी तो सिंधूताईकडे गेला तो पाचही कोंबडे घेऊनच. दोन डालग्यांत दोन-दोन, वर फडकं बांधून, पिंटूच्या मोटारसायकलवर, आणि ठेकेदार काखेत. उतरताना पिंटू एवढंच म्हणाला, "बदली झाली का यायची?"

"ताई," ताराचंद म्हणाला, "काल मी चुकीचं बोललो. ती तशीच होती."

सिंधूताईनं खाली पाहिलं. "लय आठवण येते तिची," ती म्हणाली. "आता कोणाशी लबाडी करावी, समजत नाही."

मग दोघं कामाला लागले. पाचांतला कोणता ठेवायचा, हे ताराचंदला ठरवता येत नव्हतं. सिंधूताईनं मूठभर कणी अंगणात फेकली आणि कोंबडे सोडले. ठेकेदार धावला आणि एकटाच गपागप खाऊ लागला. दोघे त्याच्याशी भांडायला गेले. एक उभा राहून पाहू लागला. सगळ्यांच्या मागून आरवलेला, धुळवडीवाला, बाजूला पडलेले दाणे चोचीत उचलायचा, परत खाली टाकायचा आणि टुकटुक करून तलंगांना बोलवायचा. त्या आल्या की मागं सरायचा.

"हा ठेवा," सिंधूताई म्हणाली. "जो आपलंच पोट पाह्यते तो कोंबड्यायले त्रासच देते. जो बोलावते तो सांभाळते."

"आन तुमाले?"

"मले तो उभा राहून पाहून राहिला तो द्या. गरीब दिसते. ह्यायच्यासारखा."

"मी ऐकून राहिलो," धोंडबा म्हणाला.

"एका कोंबड्याले दोन तलंगा," ताराचंद म्हणाला.

सिंधूताई थबकली. "एकाले एक, भाऊजी."

"अर्धेलीची अंडी आमची, कोंबडी आमची. तुमी जाणून बुजून मले पाच नर नेऊ दिले. आडून आडून सांगितलं, मंग आत जाऊन हसल्या. दोन."

"पाहा ना," सिंधूताई नवऱ्याला म्हणाली, "आता बोलाले शिकले." पण तिनं कणी टाकून तलंगा जवळ बोलावल्या. "घ्या. निवडा."

ताराचंदनं एक तलंग उचलली, तिचे पाय पाहिले, तुरा पाहिला, पंख उघडून पिसं पाहिली. दुसरी उचलली, तिचंही तेच केलं.

"भाऊजी, आता सगळ्या माद्याच हाय. काय पाहून राहिले?"

"पाहून घ्या म्हणून तुमीच सांगितलं होतं."

उरले तीन. एक दिपालीकडे गेला. तिच्या सासरी शेतावर ढीगभर कोंबड्या होत्या आणि त्याला तिथं पुरेसं काम होतं. ठेकेदार आणि त्याचा एक जोडीदार सिंधूताईच्या चुलीवर गेले. ताराचंदला वाटलं होतं, घास उतरणार नाही. पण प्रयागबाईनं असल्या दांडगटासाठी मसाला कधीच वाटून ठेवला असता, हे आता त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं दोनदा रस्सा मागून घेतला आणि मीठ कमी आहे असं सांगितलं. ठेकेदार शिजून शिजूनही वातडच होता.

भुरी बरी व्हायला वेळ लागला. बरेच दिवस ती घरातल्या टोपलीतच राहिली. मग पाठीवर खुंटासारखी नवी पिसं फुटू लागली, तशी ती उंबऱ्यापर्यंत यायची आणि बाहेर पाहून परत फिरायची. एका सकाळी ताराचंदनं अंगणात कणी टाकली. कोंबड्यानं टुकटुक केलं. दोन्ही तलंगा पुढं झाल्या. भुरी उंबरा उतरली, सरळ त्यांच्यात गेली, आणि दोघींच्या डोक्यात एकेक चोच अशी मारली की त्या भिंतीपर्यंत पळाल्या. मग ती सावकाश खायला लागली. कोंबडा आदबीनं मागं सरून उभा राहिला.

तलंगा भिंतीशी तोंड पाडून उभ्या होत्या. त्यांचा काही दोष नव्हता. ताराचंदनं त्यांच्यासाठी वेगळी मूठ भरली. फेकायला हात उचलला. भुरीनं मान वर करून त्याच्या हाताकडे पाहिलं.

त्यानं मूठ तिच्याच पुढ्यात सोडली.